उशीखालचं टपाल

६ ऑक्टोबर

बारक्या,

ख्रिस्तात सलाम. सलाम रीत म्हणून लिहिलाय, राग जिथल्या तिथे आहे.

हे पत्र तुला सागवानी पेटीच्या उशीखाली सापडेल. अस्तर लावून झालंय, झालर टाचलीय, आता पेटी तुझ्या बाजूला सरकवतेय. तू म्हणशील, ही बाई हाताच्या अंतरावर मशीनवर बसते, मधे प्लायवुडचा एक पडदा, आणि पत्रं कसली लिहिते? लिहिते. तुझ्याशी बोलायचं नाही असं मी गेल्या वर्षी ठरवलं, आणि ठरवलेलं मी मोडत नाही. भिंगरीला निरोप देऊन पाठवून बघितलं. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही दोघं मोठी माणसं आहात ना? मग तुमचं तुम्ही बोला." नऊ वर्षांची पोर आणि जीभ बघा! बापावर गेलीय.

तर मुद्दा. आज सकाळपासून आपल्या दुकानाच्या दारात भोपळा आहे. डोळे कोरलेला, दात विचकणारा. अरे, शवपेट्यांचं दुकान आहे आपलं! घरात मौत झालेली माणसं रडत रडत येतात, आणि त्यांचं स्वागत कोण करणार, तर हा बत्तीशी काढून बसलेला भोपळा. महिन्याअखेरीला ते भुताखेतांचं हॅलोविन आहे, मला माहीत आहे. पण ते गल्लीतल्या पोरांनी करावं. आपण मंडळीतली माणसं. आपल्या बापाने चर्चची अर्धी बाकं केलीत.

गेल्या वर्षीचं मी पुन्हा उगाळत बसत नाही. तोंडाला पीठ फासून तू दारातल्या पेटीत आडवा झालास, पोरं चॉकलेट मागायला आली की ताडकन उठून बसायचास, पोरं किंचाळत पळायची आणि परत रांगेत येऊन उभी राहायची. एवढं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण पास्टरांच्या सासूबाई वेदीच्या कापडाची झालर न्यायला आल्या आणि तू त्यांच्यासमोर उठलास. त्या घाबरल्या नाहीत, हे कबूल. प्रभूची प्रार्थना म्हणत म्हणत त्यांनी तुला छत्रीने परत आडवा केला. पण मला मान खाली घालावी लागली ना! मरणावर आपलं पोट चालतं, आणि मरणाचीच थट्टा? बाबाही प्रत्येक पेटीत झोपायचे. पण ते तपासायला. "आपलं गिऱ्हाईक तक्रार करायला परत येत नाही, म्हणून तक्रार आधी आपण करायची," म्हणायचे. तू झोपलास ते चॉकलेटं वाटायला. फरक आहे.

आणखी एक. एक तारखेला तू बाजारामागच्या गाळ्यात जाणार, असं कळलं. मला कोणी सांगितलं नाही. तुझी बायको जिना झाडताना स्वतःशीच बोलत होती, वरच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येईल अशा बेताने. "वर्षभर पडद्याशी बोलून माणूस कंटाळणारच," असं काहीतरी. जा बाबा, जा. कोण अडवतंय? लाकूड तुझं आणि अस्तर माझं असं एका छपराखाली बाबांनी लावून दिलेलं दुकान, मोडून टाक. फक्त तिकडे अस्तर कोण शिवणार तेवढं कळव. म्हणजे त्या बाईसाठी मला प्रार्थना करता येईल.

तुझी ताई

ता. क. आज सागवानाच्या फळ्या तू स्वतः उतरवल्यास. मी आवाज ओळखते. जड उचलू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय. हमाल काय शोभेला ठेवलाय?

९ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. प्लायवुडच्या तुकड्यावर, सुतारी पेन्सिलीने. घरात कागद संपलेत का? "भोपळा भिंगरीने कोरलाय. काढायचा तर तिला तू सांग. तोंडाने." आणि 'तोंडाने'खाली दोन रेघा.

गेले होते सांगायला. पोर भोपळ्यासमोर उकिडवी बसून त्याचे दात पुसत होती. मला म्हणाली, "आत्या, याचा एक दात तुझ्यासारखा पुढे आलाय." राहू दे भोपळा.

पण आता मी काळजी करत नाही. पास्टरांनीच तोडगा काढलाय. रविवारी तू मागच्या बाकावर पेंगत होतास म्हणून सांगते. महिन्याअखेरच्या त्या संध्याकाळी पोरं भुतांच्या नादी लागू नयेत म्हणून मंडळी हॉलमध्ये 'प्रकाशाची रात्र' करणार. गाणी, खाऊ, आणि वेशभूषा. भूत नाही, चेटकीण नाही. फक्त पवित्र शास्त्रातली माणसं. कपडे शिवायचं काम महिला मंडळाने एकमताने माझ्याकडे दिलंय. एकमताने म्हणजे बाकीच्या सगळ्यांनी छताकडे बघितलं.

आता बघ, गल्लीतली पोरं तुझा भोपळा टाकून आमच्या मेंढपाळांच्या मागे कशी येतात ते.

ताई

ता. क. तुझ्याकडचा भुसा माझ्या पांढऱ्या सॅटिनवर येतोय. आणि पायांना कुठून तरी गार वारा लागतो. खिडकी लावत जा.

१४ ऑक्टोबर

बारक्या,

करायला गेले एक आणि झालं भलतंच. तू हसणार, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगायला दुसरं आहे कोण?

संडे स्कूलच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'शास्त्रातली कोणतीही व्यक्ती'. त्या 'कोणतीही'ने माझा घात केला. मेंढपाळांसाठी मी ढीगभर जुन्या चादरी जमवल्या होत्या, देवदूतांच्या पंखांना पुठ्ठा आणला होता. एक पोर मेंढपाळ व्हायला तयार असेल तर शपथ! किल्लीवाल्याचा मुलगा म्हणतो, मी लाजर. बरं, म्हटलं, कबरेतून बाहेर आल्यानंतरचा, छान आंघोळ केलेला? नाही. कबरेत चार दिवस राहिलेला, पट्ट्या गुंडाळलेला. वर मला सांगतो, "वास पण यायला पाहिजे, शास्त्रात आहे." नर्सबाईंच्या जुळ्या मुली सुकलेल्या हाडांचं खोरं होणार. संदेष्ट्याच्या दृष्टान्तातली ती हाडं, एकमेकांना जुळून उभी राहतात ती. काळ्या कपड्यावर मी पांढऱ्या फडक्याच्या बरगड्या शिवल्या आणि दारात टांगल्या, तर रस्त्यावरचा एक माणूस आत येऊन विचारतो, "हे हॅलोविनचे सांगाडे केवढ्याला?"

केकवाल्याच्या मुलाला बाप्तिस्मा करणारा योहान व्हायचंय. मी खूश झाले. साधा झगा, कमरेला पट्टा, संपलं काम. तर तो म्हणतो, "पूर्ण नको, फक्त डोकं." राजाने उडवून परातीत आणवलेलं ते. म्हणजे परातीला भोक पाडायचं आणि त्याने टेबलाखाली बसून डोकं वर काढायचं. आणि पास्टरांचा स्वतःचा मुलगा धिप्पाड गल्याथ होणार, तोही कपाळात गोफणीचा दगड बसून आडवा झाल्यानंतरचा. मेंढपाळांची एक चादर शेवटी कामी आली, पण कशाला? शौल राजाने भूतविद्या करणाऱ्या बाईकडून मेलेल्या शमुवेलाला वर बोलावलं होतं ना, त्या शमुवेलाला. चादरीला डोळ्यांच्या जागी दोन भोकं पाडली. आता तूच सांग, ते काय दिसतं?

मी तडक पास्टरांकडे गेले. त्यांनी शास्त्र उघडलं, एकेक उतारा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "ताई, आहे खरं." सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, देवाने ही माणसं लिहून ठेवली ती लपवायला नव्हे." पास्टरांनी शास्त्र मिटलं. त्या घरात शेवटचा शब्द कोणाचा असतो ते मंडळीला माहीत आहे.

हसून झालं असेल तर पट्ट्यांसाठी कात्री धार लावून दे. उशीखाली ठेवलीय. जपून हात घाल.

ताई

१८ ऑक्टोबर

बारक्या,

कात्री मिळाली. धार चांगली लावलीस. आभार मानत नाही, कारण मानले तर तू फुगशील.

आता तुझ्या लेकीबद्दल. मी तिला म्हटलं, तू एस्तेर राणी हो, माझ्याकडे उरलेलं जांभळं सॅटिन आहे. तिने मान हलवली. तिला नाईन गावच्या विधवेचा मुलगा व्हायचंय. गोष्ट तुला आठवत असेलच. गावाच्या वेशीतून मुलाला पुरायला नेत असतात, प्रभू तिरडीला हात लावतो, ऊठ म्हणतो, आणि मेलेला मुलगा उठून बसतो. कळलं का? उठून बसतो! शास्त्रात शेकडो माणसं आहेत, आणि पोरीने निवडला तो नेमका तिच्या बापासारखा. म्हणाली, "बाबांनी केलं तेव्हा तू रागावलीस. हे शास्त्रात आहे, आता रागाव बघू."

मी रागावू शकले नाही. त्या विधवेचं काम पास्टरांनी मला दिलंय. रडायचं आहे. रडायला पोक्त बाई पाहिजे म्हणाले, आणि मंडळाने परत छताकडे बघितलं.

तर, लिहायला हात जड झालाय, पण लिहिते. एक पेटी पाहिजे. छोटी, साध्या लाकडाची, एका संध्याकाळपुरती. अस्तर मी घालीन.

ताई

ता. क. पत्र सरकवायच्या आतच भिंगरीने तुला सांगितलं वाटतं, तुझं उत्तर आत्ताच पडद्यावरून येऊन माझ्या मशीनवर आदळलं. "मरणाची थट्टा करणाऱ्याकडून पेटी चालेल का? पास्टरांना विचार." फार शहाणा आहेस. त्यांना आधीच विचारलंय. ते म्हणतात, गल्लीतली पोरं मरणाला भिऊन हसतात आणि आपण मरण हरलंय म्हणून हसतो, हसणं मात्र दोन्हीकडे आहे. मला यातलं अर्धं कळलं. तुला पेटी करायची आहे की नाही तेवढं सांग.

ता. क. दोन. करवतीचा आवाज येतोय. बरं. कडा घासून घे, पोरीला टोचेल.

२२ ऑक्टोबर

बारक्या,

आपले हेडमास्तर गेले, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. ज्यांनी तुला बाकावर उभं केलं आणि मला तुझ्यासाठी रडले म्हणून शेजारी उभं केलं, त्यांची पेटी आज तू केलीस आणि उशी मी शिवतेय. मास्तर कडक होते, पण झोप त्यांना मऊ मिळू दे. कापूस तीन थर घातलाय.

उशी शिवताना हात चालू असतात आणि डोकं मोकळं असतं. म्हणून आज खरं लिहिते. एकदाच लिहीन, परत विचारू नकोस.

गेल्या वर्षी मी चिडले ती धर्मावरून नाही. लोकांना मी तसंच सांगितलं, पास्टरांनाही तसंच सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. तसं नाही रे. त्याच वर्षी तुझी छाती उघडली होती. ऑपरेशनच्या दारापाशी बाकावर बसून मी देवाला म्हटलं होतं, दुकानात येईल ती पेटी शिवते, कुरकुर करत नाही, पण याची मला शिवायला लावू नकोस. देवाने ऐकलं. तू घरी आलास, भांडायला लागलास, सगळं ठीक झालं. आणि त्या संध्याकाळी मी जिना उतरून खाली आले तर तू पेटीत. माझ्या हातच्या अस्तरावर, माझ्याच उशीवर डोकं, तोंड पांढरंफटक, हात छातीवर. खोटं आहे हे कळायला मला फार वेळ लागला नसेल. पण तेवढ्या वेळात मी तुला पुरून आले, बारक्या. मग तू उठलास आणि हसलास, आणि मला इतका राग आला की बोलायला तोंडच उघडेना. तुझ्याकडूनच मधे पडदा ठोकून घेतला, कारण तू दिसलास की ते परत दिसायचं.

भुतांना मी भीत नाही. भुतांचं काय, त्यांना शास्त्र दाखवलं की झालं. मी तुला भिते. म्हणजे तुझं काही होईल याला भिते.

तू एक तारखेला गेलास तर पलीकडून रंध्याचा आवाज येणार नाही. मग मी दिवसभर काय ऐकत बसू? आवाज आला की मला कळतं तू आहेस. जाऊ नकोस. हे दोनच शब्द लिहायचे होते, बाकी सगळं त्याच्या झालरी.

तुझी ताई

२३ ऑक्टोबर

बारक्या,

घाईत लिहितेय. काल मी मास्तरांच्या पेटीत उशी ठेवली आणि शमुवेलाची भोकं मोठी करायला हॉलवर गेले. परत आले तर पेटी नाही! तुझी बायको म्हणते, मास्तरांचे मुलगे गाडी घेऊन आले आणि घेऊन गेले, घाई होती. तू दुकानात होतास का तेव्हा? पेटी कोणी दिली? उशी कोणी उचलून बघितली का?

ताबडतोब उत्तर दे. लाकडावर दे, दगडावर दे, पण दे.

ताई

२३ ऑक्टोबर, दुपारनंतर

"मास्तरांच्या उशीखाली काय होतं?" हे काय उत्तर झालं? मी प्रश्न विचारलाय, तू उलट मलाच विचारतोस!

काही नव्हतं. सुई राहिली होती.

ताई

२५ ऑक्टोबर

बारक्या,

"एका सुईसाठी मास्तरांना उठवू नये," हा तुझा तुकडा मी दफनाला जायच्या आधी वाचला. माझ्या जिवावर बेतलंय आणि तुला विनोद सुचतायत.

तू मागे पुरुषांत उभा होतास, म्हणून पुढे काय झालं ते तुला दिसलं नसेल. शेवटचं दर्शन घेताना मी खाली वाकले आणि उशीखाली हात घालायला गेले. बोटं जेमतेम आत गेली असतील, तेवढ्यात पास्टरांच्या सासूबाईंनी छत्रीची मूठ माझ्या खांद्यात अडकवून मला मागे ओढलं. त्यांना वाटलं मी दुःखाने कोसळतेय. मोठ्याने म्हणाल्या, "विद्यार्थिनी असावी तर अशी!" मास्तरांच्या मुलांनी माझे हात धरले. मग मला रडावंच लागलं. नाईनच्या विधवेचा सराव आयताच झाला.

हाताला काही लागलं नाही. पण पुरता हात कुठे गेला होता? गेलं ते मास्तरांबरोबर. त्यांच्याकडे आता वाचायला वेळच वेळ आहे, लाल शाईने चुका काढत बसतील.

काय गेलं ते विचारू नकोस. सुई गेली.

पेटी बघितली. भिंगरीची. कडा इतक्या गुळगुळीत केल्यास की बोट फिरवत राहावंसं वाटतं. अस्तर घालतेय. आणि ऐकलं, गाळ्याची किल्ली आणलीस. बरं.

ताई

३० ऑक्टोबर

बारक्या,

एवढंच कळवते की उद्या संध्याकाळी भिंगरीला हॉलवर मी घेऊन जाईन. पेटी हमाल नेईल. तू उचलायची नाही. तू येणार नाहीस हे माहीत आहे, तुझा भोपळा आहे ना, त्याच्यापाशी बसशील.

परवा एक तारीख. मी काही म्हणत नाहीये. जे म्हणायचं ते मी एकदा म्हटलं होतं, ते कुठे पोचलं ते देवाला माहीत, आणि मास्तरांना.

ताई

१ नोव्हेंबर

बारक्या,

आता आपलं बोलणं सुरू झालंय, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. सवय लागलीय, सुटायला वेळ लागेल. शिवाय काल हॉलच्या आत काय काय झालं ते तुला ठाऊक नाही, तू उशिरा आलास. बोलायला लागले तर मधे मधे तोंड घालशील. लिहिलेलं तरी पुरतं वाचशील.

हॉल आम्ही छान उजळला होता. पण उजेडात आमची पोरं अजूनच भयंकर दिसायला लागली. परातीतलं डोकं डोळे फिरवत होतं आणि मधेच खाऊ मागत होतं. हाडांच्या जुळ्या एकमेकींना जुळत होत्या आणि परत सुटत होत्या. लाजराने वासासाठी काय लावलं होतं ते मी विचारलं नाही. गल्लीत बातमी फुटली की चर्चच्या हॉलमध्ये यंदा सगळ्यात भारी आहे, आणि बघता बघता बाहेर रांग लागली. भुतं, चेटकिणी, वटवाघळं, पिशव्या घेऊन. दारात पास्टर उभे, मागे शमुवेल, पुढे खरी भुतं. म्हणजे खोटी खरी भुतं. पास्टर मला हळूच म्हणाले, "ताई, यांना आत घ्यायचं म्हणजे..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाईंनी छत्रीने दार ढकललं. "प्रकाशाची रात्र म्हणता आणि दार लावून बसता? भुतं प्रभूसमोर आली की काय व्हायचं ते शास्त्रात लिहिलंय. या रे भुतांनो, आधी चपला काढा!"

भुतांनी चपला काढल्या. शहाण्यासारखी मांडी घालून बसली. आमच्या संडे स्कूलची पोरं इतकी शांत कधी बसली नाहीत.

मग आमचं नाटक. पेटी मधे, पेटीत भिंगरी, तोंडाला पीठ. पीठ मीच लावलं, तिने हट्ट केला. मी बाजूला गुडघ्यांवर, पदर तोंडाला, रडतेय. पास्टरांनी पेटीला हात लावला, म्हणाले, "मुला, ऊठ." पोर उठेना. पास्टर मोठ्याने म्हणाले, ऊठ. नाही. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने म्हणाले की मागच्या रांगेतलं एक भूत उठून उभं राहिलं. पेटीत हालचाल नाही.

मी पदर काढून बघितलं. माझं अस्तर, माझी उशी, पांढरं तोंड, हात छातीवर. बारक्या, मला त्या क्षणी शास्त्र आठवलं नाही, प्रार्थना आठवली नाही. तोंडातून एकच नाव निघालं आणि ते मी इतक्या जोरात ओरडले की सासूबाईंची छत्री उघडली. वर्षभराचं ठरवलेलं गेलं उडत. "बारक्या! अरे ये रे! बघ ना हिला!"

आणि तू दारातच होतास. काखेत भोपळा, भुतांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, चपला काढून. येणार नव्हतास ना?

पुढचं तुला माहीत आहे. तू धावलास, भोपळा पास्टरांच्या हातात दिलास, पोरीला उचललंस, आणि ती तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "अजून पाच मिनिटं." झोपली होती, टवळी! तिच्याही उशीत तीन थर कापूस! आणि मी तुला दुसरं वाक्य काय बोलले, तर, "जड उचलू नकोस!" अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. भुतांना वाटलं, हे सगळं नाटकातलंच. शमुवेल तर रडत होता. पास्टर भोपळा धरून उभे होते, खाली कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी सासूबाईंनी तो वेदीच्या पायरीवर ठेवला, तोंड लोकांकडे करून. म्हणाल्या, "देवानेच केलाय, भोपळाच आहे."

घरी येताना तू म्हणालास, "तुझ्या उशीची आजवर कोणी पावती दिली नव्हती. लेकीने दिली." मी म्हटलं, एक उशी मास्तरांनाही दिलीय, आणि तिच्याखाली माझं एक पत्र गेलं. मग तू चालता चालता थांबलास, आणि खिशातून काढलंस. घडी घातलेलं, भुशाने भरलेलं, कोपऱ्याला पॉलिशचं बोट.

तू म्हणालास, "ताई, झोपून बघितल्याशिवाय पेटी दुकानाबाहेर देतो का मी? बाबांनी काय शिकवलंय? डोकं टेकलं तर कानाखाली कागद वाजला."

मला वाटलं होतं, ऑपरेशननंतर तू ते सोडलंस. पडद्यामुळे मला काय दिसणार? तू आजवर प्रत्येक पेटीत झोपत होतास, आणि मी पलीकडे बसून तुला मरणाची थट्टा करणारा म्हणत होते. मी विचारलं, मग इतके दिवस मला का झुरवलंस? तुझं उत्तर मी इथे लिहून ठेवते, म्हणजे तुला नंतर फिरवता येणार नाही: "पत्र मास्तरांना पण वाचता आलं असतं. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. हाक मारशील म्हणून थांबलो होतो."

गाळ्याची किल्ली सकाळी परत करून आलास, हे तुझ्या बायकोने जिना झाडता झाडता सांगितलं. तू गेला होतास तेव्हा मी मशीनमागचे सॅटिनचे तागे हलवले. गार वारा कुठून येतो ते बघायला. पडद्याला खाली भलंमोठं भगदाड आहे! तुझे तुकडे मी जपून ठेवले होते (का ते विचारू नकोस), ते एकेक लावून बघितले. बरोबर बसले. 'भोपळा भिंगरीने कोरलाय' कोपऱ्यात, 'एका सुईसाठी' मधे. म्हणजे महिनाभर तू मला पडदाच कापून पाठवत होतास, आणि मी तुला खिडकी लावायला सांगत होते.

आता तू उरलेला कापतोयस. करवतीने पानं थरथरतायत, अक्षर वाकडं आलं तर त्यामुळे. वरची फळी निघाली. तुझं टक्कल दिसलं. गेल्या वर्षी एवढं नव्हतं. आता भुवया. आता सगळा तू, भुशाने पांढरा झालेला, आणि मला काही झालं नाही, बारक्या, मी बघतेय आणि मला काही झालं नाही. फक्त हसू आलं.

"काय लिहितेस गं ताई?" असं विचारतोयस. काही नाही, म्हटलं. ती फळी एकट्याने उचलू नकोस, थांब, मी येते.